सोलांडरकाकांचं मानपत्र

रविवार, ४ मे २०१४

उचलली जीभ लावली टाळ्याला. आई हे मला लहानपणापासून ऐकवायची आणि बावन्नाव्या वर्षीही माझी जीभ तशीच उचलली जाते.

आज इथल्या, सिंगापूरच्या, आमच्या बिशान मराठी मित्रमंडळाची मीटिंग होती, कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये. पुढच्या महिन्यात ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप सुरू होतोय, म्हणून ७ जूनला मुलांची फुटबॉल स्पर्धा ठेवायची ठरली. मग नेहमीचा प्रश्न: प्रमुख पाहुणे कोण? मीनल आमची अध्यक्षा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि त्याची दर पाच मिनिटांनी आपल्याला आठवण करून देते. म्हणाली, "गेल्या वर्षी मी आमच्या रिजनल हेडना आणलं होतं. यंदा दुसऱ्या कुणीतरी ओळखी काढाव्यात." आणि माझ्याकडे बघून गोड हसली. "सुनेत्राताईंचं काय, त्या मानपत्र लिहितातच. त्यांच्याकडून आणखी अपेक्षा नाही."

नाक केवढं वर त्या बाईचं! मी बोलून गेले, "आमच्या ब्लॉकमध्ये स्वीडनचे एक जुने फुटबॉलपटू राहतात. वर्ल्ड कप खेळलेले."

खरं तर मला एवढंच माहीत होतं की दहाव्या मजल्यावरची आनिका एकदा लिफ्टमध्ये म्हणाली होती, "माझे वडील तरुणपणी स्वीडनकडून खेळायचे." पण स्वीडनकडून खेळायचे म्हणजे वर्ल्ड कपच की!

पुंगोलहून येणारा अमेय, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, फुटबॉल म्हटलं की खुर्चीत बसवत नाही त्याला. त्याने लगेच विचारलं, "वय काय त्यांचं?" म्हटलं, सत्त्याऐंशी. "म्हणजे अठ्ठावन्नचा वर्ल्ड कप! स्वीडनमध्येच होता तो. फायनलला गेले होते ते लोक. फायनल खेळलेत का?"

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

मीनलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आज झोप छान लागणार.

बुधवार, ७ मे

आज सकाळी बेसनाचे लाडू घेऊन वर गेले. आनिका शिपिंग कंपनीत कामाला जाते, वडील दिवसभर घरी एकटे. एव्हर्ट सोलांडर त्यांचं नाव. उंच, वाकलेले, हात केवढाले. मी त्यांना सोलांडरकाका म्हणायचं ठरवलं. त्यावर ते पोट धरून हसले, कारण त्यांच्या भाषेत 'काका' म्हणजे केक. लाडू खाऊन म्हणाले, हाही काकाच.

मग मी विचारलं आणि ते बोलत गेले. इंग्रजी सावकाश बोलतात, त्यामुळे मला सगळं कळलं.

गाव लहान, कागदाची गिरणी असलेलं. ते चौदाव्या वर्षी गिरणीत लागले. सकाळी सहा ते दोन पाळी, मग मैदान. तिथे त्या काळी फुटबॉलचे पैसे कुणालाच मिळत नसत, सगळे नोकरी करून खेळायचे. हे डाव्या बाजूचे बॅक. म्हणजे गोल करायचा नाही, समोरच्याला करू द्यायचा नाही. "माझं काम बरोबर झालं तर पेपरात काही छापून येत नसे," म्हणाले. बारा वर्षं गावच्या क्लबकडून खेळले आणि देशाकडून सात सामने.

बावन्न साली इटलीच्या एका क्लबचं पत्र आलं. गिरणीच्या पगाराच्या दहापट. पण परदेशी पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा देशाच्या संघात जागा नव्हती. यांना देशाचा पिवळा शर्ट हवा होता. पत्र परत पाठवलं. बायको आठ दिवस बोलली नाही.

आणि अठ्ठावन्नला वर्ल्ड कप त्यांच्याच देशात आला तेव्हा नियम बदलला. बाहेर गेलेल्यांना परत बोलावलं. बावीस जणांची यादी लागली, तिच्यात सोलांडर हे नाव नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"जवळच्या शहरात सामने होते. तिकडे माणसं कमी पडत होती. मी दंडाला पट्टी बांधून गेटवर उभा राहिलो, तिकिटं फाडली."

हसून सांगितलं त्यांनी. मीही हसले. लिफ्टमध्ये आल्यावर मात्र बटण दाबायचंच राहिलं. माणूस वर्ल्ड कप खेळलेलाच नाही.

सात जूनला यायला मात्र आनंदाने कबूल झाले. कुठला कोट घालू म्हणून विचारत होते.

रविवार, ११ मे

मीनलला फोन करून सांगणार होते. तीन दिवस सांगणार होते. काल तिचं पत्रक ईमेलने सगळ्यांना गेलं. वर मोठ्या अक्षरांत: प्रमुख पाहुणे, विश्वचषक फायनलचे वीर. खाली: मानपत्र वाचन, प्रा. सुनेत्रा.

आता काय सांगणार, कप्पाळ! सांगितलं तर ती म्हणेल, तरीच मला वाटलं. मग वर्षभर तोच विषय.

मानपत्र लिहायला बसले. यात माझा कुणी हात धरणार नाही, हे मी स्वतः म्हणते म्हणून नाही, सगळेच म्हणतात. आतापर्यंत मंडळासाठी चौदा लिहिली. एका सद्गृहस्थांना मी 'अर्थक्षेत्राचा दीपस्तंभ' केलं होतं. आयुष्यभर बँकेत कागद तपासले त्यांनी. पण ऐकताना डोळे पुसत होते. मानपत्रात अतिशयोक्ती नाही केली तर तो बायोडेटा होईल. मी पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग मंडळात प्राध्यापिका झाले, त्याने कुणाचं काय बिघडलं?

निशिकांत सोफ्यावर पेपर वाचत होता. नवरा म्हणून त्याला वाचून दाखवलं. 'विश्वचषकाच्या अंतिम रणांगणात ज्यांनी मातृभूमीची डावी बाजू अभेद्य राखली' इथे आल्यावर पेपर खाली घेऊन म्हणाला, "ते फायनल खेळले नाहीत म्हणालीस ना तू परवा?"

"मानपत्र आहे हे. शपथपत्र नाही."

"आणि त्यांना कळलं तर?"

"त्यांना कुठे मराठी येतंय?"

तो परत पेपरात गेला. मी मात्र एक काळजी घेतली. 'वर्ल्ड कप' आणि 'फायनल' हे शब्द कुठेच ठेवले नाहीत. सालसुद्धा 'एकोणीसशे अठ्ठावन्न' असं अक्षरी लिहिलं. म्हणजे त्यांच्या कानाला काही लागायला नको.

हे लिहिताना कान गरम झाले. उकाडा आहे.

शनिवार, ७ जून

झाला एकदाचा कार्यक्रम! सेरंगून रोडवरून शाल आणली होती, मोतिया रंगाची. शेंडीवाल्या नारळासाठी पूजेच्या दुकानांत तीन चकरा झाल्या. पगडी मीनलने पुण्याहून मागवलेली.

सोलांडरकाका निळा कोट घालून आले, टाय लावून, त्या उन्हात. आनिका बरोबर होती. मुलांचे सामने त्यांनी उभं राहून बघितले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. पुंगोलच्या संघातल्या एका मुलीला बाजूला घेऊन पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. वाकताना गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला.

मग मी मानपत्र वाचलं. आवाज लागला होता माझा. 'अभेद्य राखली' म्हटल्यावर टाळ्या थांबेनात. काका माझ्याकडे बघत होते, चेहरा लहान मुलासारखा. आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोलतायत एवढं कळत होतं त्यांना. पगडी घातली, ती डोक्याला लहान झाली, तरी हाताने धरून उभे राहिले. नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. सगळे हसले, तेही हसले.

बोला म्हटल्यावर चारच वाक्यं बोलले. "साठ वर्षांत मला कुणी असं बोलावलं नव्हतं. बॅकला कुणी बोलावत नाही. आज माझ्या मुलीने हे बघितलं. धन्यवाद."

आनिका रडत होती. मीही रडले. मीनलने स्वतः येऊन मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, मानलं तुम्हाला."

सगळं छान झालं. तरी जेवण गेलं नाही.

शनिवार, १४ जून

काल संध्याकाळी अमेयने सगळ्या ग्रुपला ईमेल टाकली. काकांबरोबरचा फोटो मित्रांना पाठवण्यासाठी तो इंटरनेटवर त्यांच्या शर्टाचा नंबर शोधायला गेला होता. बावीस जणांची यादी सापडली, नाव नाही. चार ठिकाणी बघितलं, चारही ठिकाणी नाही. 'देशाकडून काही सामने खेळलेत हे खरं. पण वर्ल्ड कप नाही, फायनल तर नाहीच. सुनेत्राताई, त्यांनी स्वतः तुम्हाला असं सांगितलं होतं का?'

रात्रीपर्यंत तेवीस उत्तरं. गोऱ्याने आपल्याला टोपी घातली. शाल फुकट गेली. आपल्या लोकांना गोरी कातडी दिसली की भान राहत नाही. आमच्याच कॉन्डोतल्या क्षिप्राने लिहिलं की मुलांना आता काय सांगायचं, माझी मुलगी त्यांची सही शाळेत घेऊन गेली आहे.

मी दुपारी दोन ओळींचं उत्तर पाठवलं. विषय मिटला.

सोमवारी वरण-फळं करायची आहेत, तूरडाळ संपली.

मंगळवार, १७ जून

सकाळी स्विमिंग पूलच्या कडेने चालताना काका भेटले. काठी घेऊन चालत होते. समोरून क्षिप्रा आली आणि मान वळवून पलीकडच्या वाटेने गेली. त्यांनी तिला हात केला होता. तो हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

मग माझ्या बरोबरीने चालू लागले. म्हणाले, "सुनेत्रा, एक विचारू? परवा लिफ्टमध्येही तुमचे एक गृहस्थ माझ्याशी बोलले नाहीत. मी त्या दिवशी काही चुकलो का? नारळ असा हलवायचा नसतो का? देवाचा असतो का तो?"

मी म्हटलं, नाही नाही, तसं काही नाही, लोक कामात असतात.

"पगडी मी हाताने धरली. ती खाली पडेल असं वाटलं. ते चुकलं असेल तर तुम्ही त्यांना सांगा, मला माहीत नव्हतं."

मला डाळ आणायची आहे असं सांगून मी निघाले. डाळ कालच आणली होती.

शनिवार, २१ जून

दुपारी बेल वाजली. दारात आनिका, हातात कागद. मीनलने तिला ईमेल पाठवली होती, अगदी सभ्य भाषेत. आपल्या वडिलांनी केलेल्या विश्वचषकाच्या दाव्याला आधार न मिळाल्याने त्यांचा फोटो आम्ही मंडळाच्या पानावरून काढत आहोत. वयाचा विचार करता आमच्या मनात कटुता नाही.

आनिकाचा आवाज शांत होता. "माझ्या वडिलांनी कोणता दावा केला? आयुष्यात त्यांनी असं कुणाला सांगितलेलं नाही. उलट लोक विचारतात तेव्हा ते आधी तेच सांगतात, मला घेतलं नाही म्हणून. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "काहीतरी गैरसमज झाला असेल. मी बघते."

तिने कागद पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "त्यांना अजून दाखवलेलं नाही. पण मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही, संध्याकाळी दाखवीन."

दार लावून मी ही वही काढली. निशिकांत ऑफिसच्या कामाने बाहेर होता ते बरं झालं.

चौदा तारखेचं उत्तर मी इथे लिहिलं नाही. आता लिहिते. 'मलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. वयोमानाने होतं असं, सगळ्यांनी मोठ्या मनाने सोडून द्यावं, ही विनंती.'

हे मी लिहिलं. माझ्या हातांनी, तूरडाळीची यादी करायच्या आधी. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला खोटारडा केलं, वर म्हातारचळही लावला, आणि वर मोठ्या मनाची विनंती! आई असती तर तिने मला उंबऱ्यात उभं केलं नसतं.

मंगळवार, २४ जून

काकांचा निरोप आला, मानपत्र वाचायला या. वर जाताना पाय जड झाले होते. हा वाक्प्रचार मी मानपत्रांत दहा वेळा वापरला असेल, खरा आज कळला.

आनिका जेवणाच्या टेबलाशी बसली होती. काका खिडकीजवळ, गुडघ्यावर मानपत्र, चौकटीतून काढलेलं. मला समोरची खुर्ची दिली. कॉफी विचारली. मग म्हणाले, "एक ओळ तुमच्या भाषेत वाचा, मग इंग्रजीत सांगा. एक एक ओळ. घाई नाही."

मी वाचायला लागले. गिरणी, गाव, बारा वर्षं. ते मान डोलवत होते. "हे खरं आहे," म्हणाले. इटलीचं पत्र परत पाठवल्याचं मी चांगलं लिहिलं होतं. तिथे आनिकाने वर बघितलं.

मग ती ओळ आली. मराठीत वाचली आणि थांबले.  खाली मुलं पूलमध्ये ओरडत होती. मला वाटलं, आता दुसरंच काही सांगावं. तेवढ्यातही मला ते वाटलं, हे लिहून ठेवते.

मी इंग्रजीत सांगितलं. फायनल. डावी बाजू. अभेद्य.

"हे मी तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही."

"मी काय सांगितलं होतं?"

"यादीत नाव नव्हतं. गेटवर तिकिटं फाडली."

"ठीक. म्हणजे मी विसरलेलो नाही." त्यांनी आनिकाकडे बघितलं. मला तेव्हा समजलं की तीन दिवस हा माणूस स्वतःच्याच डोक्यावर संशय घेत बसला होता. त्या ईमेलमधल्या 'वयाचा विचार करता'मुळे.

मी सॉरी म्हटलं. दोनदा म्हटलं. ते हाताच्या नखाकडे बघत होते.

"तुम्ही मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," ते म्हणाले. "म्हणून तुम्ही विचारलं नाही. हे मला समजतं. एक गोष्ट समजत नाही. सात सामने. बारा वर्षं गिरणी सुटली की मैदान. शाल द्यायला ते कमी होतं का?"

 खरं उत्तर हो असं होतं. मला ते कमी वाटलं होतं.

"अठ्ठावन्न साली मला जे दिलं नाही, ते मी छप्पन्न वर्षांत कुणाकडून उसनं घेतलं नाही. घेता आलं असतं. इथे, इतक्या लांब, कुणाला कळणार होतं? आमच्या वेळचे चारच जण राहिलेत. एकजण माझ्याबरोबर दुसऱ्या गेटवर उभा होता. नाताळला अजून फोन करतो."

मी म्हटलं, मी काय करू ते सांगा.

"माझी माफी मागितलीत, ती झाली. ज्यांच्यासमोर वाचलंत त्यांना सांगा."

उठताना त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला नाही. त्यांना काठी धरून उठायचं होतं, म्हणूनही असेल. पण बहुतेक तसं नसावं.

रविवार, २९ जून

मासिक सभा. साठ-सत्तर माणसं होती, साबुदाणा वड्यांमुळे. मी मीनलकडून पाच मिनिटं मागून घेतली. कागदावर लिहून नेलं होतं, पण लिहिलेलं वाचलं की मानपत्रासारखं वाटेल म्हणून तसंच बोलले. सांगितलं की सोलांडर कधीही खोटं बोलले नाहीत. फायनलची थाप मी मारली, याच खोलीत, मेच्या पहिल्या मीटिंगमध्ये. ते खेळले नाहीत हे मला तीन दिवसांत कळलं होतं. कळूनही मी मानपत्रात घातलं, आणि अमेयने विचारल्यावर त्यांच्यावर ढकललं. मी त्यांची आणि तुमची गुन्हेगार आहे.

बोलून संपल्यावर मी कागदाची घडी केली. मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

मीनल उठली, माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. "ताई, बसा तुम्ही. तुमचं मन आम्हाला माहीत आहे. पाहुण्याची लाज राखायला स्वतःच्या अंगावर घेताय."

"नाही गं, खरंच मी..."

"माहीत आहे." आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बघा, याला म्हणतात संस्कार."

टाळ्या पडल्या! मी नाही नाही म्हणत होते आणि जितकं म्हणत होते तितके लोक हेलावत होते. क्षिप्राने टिश्यू दिला. अमेय म्हणाला, "मी त्यांच्यावर एवढा भडकलो होतो, आणि तुम्ही शेजारी म्हणून त्यांना सांभाळताय. ग्रेट आहात ताई."

मी निशिकांतकडे बोट दाखवलं. "यांना विचारा. यांना मी मेमध्येच सांगितलं होतं."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो वडा हातात धरून उभा होता. म्हणाला, "आता काय सांगू, हिचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

लोक हसले. झालं! घरी येताना मी त्याच्या दोन पावलं पुढे चालत होते. तो म्हणाला, "अगं, मिटलं ना सगळं? तुझं नावही राहिलं." त्याला खरंच वाटत होतं की त्याने मला वाचवलं.

चौदा माणसांना मी नसलेले गुण चिकटवले, सगळ्यांनी विश्वास ठेवला. आज पहिल्यांदा असलेला दोष सांगितला, तर एकानेही ठेवला नाही. आणि वर दहाव्या मजल्यावरचा माणूस आधी नुसता खोटारडा होता, तो आता माझ्या पदराआड लपणारा खोटारडा झाला.

सोमवार, ३० जून

सकाळी काकांना जाऊन सांगितलं. दारातच उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे तुम्ही सांगितलंत आणि त्यांना वाटलं तुम्ही चांगल्या आहात?"

म्हटलं, हो.

ते हसले नाहीत. "मग अजून सांगून झालेलं नाही," एवढंच म्हणाले.

दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. दुसरी ईमेल लिहिली तर तीही मोठेपणात जाईल. आनिका सांगायला गेली तर मुलगीच ती, बापाची बाजू घेणार. निशिकांतचं तर झालंच. माझ्या शब्दावर यापुढे कुणी विश्वास ठेवू नये, आणि नेमकं खरं सांगायची वेळ आली तर माझ्याकडे शब्दांशिवाय काही नाही, असा पेच.

मग लक्षात आलं की आहे. ही वही आहे. ४ मे, ७ मे, ११ मे, माझ्याच अक्षरात, त्या त्या दिवशीच्या तारखेने. हे कुणाची लाज राखायला लिहिलेलं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

संध्याकाळी पहिल्यापासून वाचून काढली. दोन पानं फाडावीशी वाटली. फाडायला हातही घातला. पण मधली पानं नसलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवील? शिवणीत कागदाचे तुकडे राहतात. निशिकांतला सांगितलं, तो म्हणाला, "वेडी आहेस का? डायरी कुणी दुसऱ्याला देतं?" कुणी देत नाही. म्हणूनच द्यायची.

मीनल, आत्ता तू हे वाचत असशील. सकाळी तुझ्या ऑफिसच्या रिसेप्शनवर ठेवून जाणार आहे, समोर देण्याची हिंमत नाही. तुझ्या नाकाबद्दल पहिल्याच पानावर लिहिलंय. त्या दिवशी मला तसंच वाटलं होतं. प्राध्यापिका मी कधीच नव्हते, तेही आत आहे. तुला माझी कीव येईल, राग येईल, जे येईल ते येऊ दे. फक्त 'संस्कार' म्हणू नकोस.

वाचून झाली की अमेयला दे, मग क्षिप्राला. मला परत करायची घाई नाही. तुम्ही तिघं मग दहाव्या मजल्यावर जा. फोन करून जाऊ नका, ते कोट घालून बसतील. बेल दोनदा वाजवा, त्यांना कमी ऐकू येतं. दार उघडायला वेळ लागेल. थांबा.